फुटबॉल बघायला बास्क मुलखात

युरोपच्या सहलीवरून परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये हल्ली एक फोटो हमखास असतो. मागे हजारो रिकाम्या खुर्च्या, पुढे हिरवंगार मैदान आणि मधोमध अंगठा वर करून उभी असलेली आपली मंडळी. बार्सिलोना असो, माद्रिद असो, मँचेस्टर असो, सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘स्टेडियम भेट’ ही ओळ आता आयफेल टॉवरइतकीच पक्की झाली आहे. तासा-दीड तासात खेळाडूंची खोली, चषकांची कपाटं, राखीव खेळाडूंचा बाक आणि शेवटी दुकान. दुकानातून गेल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही, अशीच ती वाट आखलेली असते. यात वाईट काही नाही. पण प्रयोग नसलेल्या दिवशी बालगंधर्वच्या खुर्च्या बघून यावं, तसंच हे झालं.

प्रत्यक्ष सामना मात्र गटसहलीत क्वचितच सापडतो, आणि त्याला सबळ कारण आहे. सहलीची विमानं आणि हॉटेलं सहा-सहा महिने आधी ठरतात. स्पेनच्या ला लीगामध्ये मात्र कोणता सामना कोणत्या आठवड्याच्या शेवटी आहे, एवढंच उन्हाळ्यात कळतं. तो शुक्रवारी रात्री होणार, रविवारी दुपारी की सोमवारी रात्री नऊला, हे टीव्हीवाल्यांच्या सोयीने काही आठवडे आधी जाहीर होतं. आठ दिवसांत पाच देश उरकणाऱ्या सहलीला ही अनिश्चितता परवडत नाही. म्हणून सामना गळतो आणि रिकामं मैदान उरतं.

यावर तोडगा एकच. सामना सहलीत बसवायचा नाही, सहलच सामन्याभोवती आखायची. त्यासाठी असा प्रदेश हवा, जिथे थोड्या अंतरात बरेच क्लब आहेत आणि एखादा सामना एक-दोन दिवस इकडे-तिकडे सरकला तरी वेळ वाया जाऊ नये इतकं बघण्या-खाण्याजोगं आहे. माझ्या मते युरोपात याला स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क मुलखाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

अ‍ॅथलेटिक क्लब बिल्बाओचा, रेआल सोसिएदाद सान सेबास्तियानचा, ओसासुना शेजारच्या नावार्रामधल्या पाम्पलोनाचा, आलावेस व्हितोरियाचा आणि एइबार त्याच नावाच्या चिमुकल्या गावाचा. यातले पहिले चार अलीकडच्या हंगामांत ला लीगामध्ये एकत्र खेळले आहेत, आणि एइबारनेही २०१४ ते २०२१ अशी सात वर्षं तिथे काढली. बिल्बाओ ते पाम्पलोना हे यातलं सर्वांत लांबचं अंतर आपल्या मुंबई-पुण्याइतकं भरतं. म्हणजे एकाच गावात मुक्काम ठेवून आठवड्याभरात दोन सामने सहज बघता येतात, नशीब असेल तर तीन. फुटबॉलच्या नकाशावर हा भाग किती वजनदार आहे हे १४ जुलै २०२४ ला बर्लिनमध्ये दिसलं. युरो चषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनने इंग्लंडला २-१ ने हरवलं. पहिला गोल अ‍ॅथलेटिकच्या निको विल्यम्सचा, विजयी गोल रेआल सोसिएदादच्या मिकेल ओयार्साबालचा आणि गोलरक्षक उनाय सिमोन पुन्हा अ‍ॅथलेटिकचा.

अ‍ॅथलेटिकचं वेगळेपण एका नियमात आहे. साधारण १९१२ पासून हा क्लब फक्त बास्क खेळाडू घेतो. जन्म बास्क मुलखातला हवा, नाहीतर खेळाचं शिक्षण तरी तिथे झालेलं हवं. यात नावार्रा आणि फ्रान्सच्या हद्दीतला बास्क भागही येतो. या सगळ्या मुलखाची वस्ती तीस लाखांच्या आसपास. एकट्या पुणे शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच एकतीस लाखांवर होती. एवढ्याशा विहिरीतून पाणी उपसत हा क्लब ब्राझील, अर्जेंटिना, आफ्रिकेतून खेळाडू विकत आणणाऱ्या रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाशी दर वर्षी भिडतो, आणि या दोघांप्रमाणेच पहिल्या श्रेणीतून आजवर एकदाही खाली घसरलेला नाही. मालक कोणी धनाढ्य शेख नाही. चाळीस हजारांहून अधिक सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात.

बास्क म्हणजे रक्ताने बास्क, असा अर्थ कोणी घेईल, तर तो विल्यम्स भावांकडे बघून गळून पडतो. त्यांचे आई-वडील घानाचे. सहाराचं वाळवंट बरंचसं पायी तुडवून, मेलियाचं कुंपण चढून ते स्पेनमध्ये आले. मदत करणाऱ्या एका पाद्र्याच्या नावावरून त्यांनी थोरल्याचं नाव इन्याकी ठेवलं. इन्याकी बिल्बाओमध्ये जन्मला, निको पाम्पलोनात. थोरला घानाकडून खेळतो, धाकटा स्पेनकडून आणि दोघेही अ‍ॅथलेटिककडून. इन्याकी २०१६ ते २०२३ या काळात लीगचे सलग २५१ सामने एकही न चुकवता खेळला. हा लीगचा विक्रम आहे.

हे सगळं वाचून कळतं, पण पटतं ते बिल्बाओत चालल्यावर. गुगेनहाइम संग्रहालयापासून नदीकाठाने सान मामेस मैदानापर्यंत रमतगमत अर्ध्या तासाची वाट आहे. गटाला बसमध्ये न बसवता ही वाट पायी चालवावी. टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढवलेलं, फ्रँक गेरीने रचलेलं हे संग्रहालय १९९७ मध्ये उघडलं. बाहेर लुईज बुर्जुआची आठ पायांची महाकाय कोळीण आणि जेफ कून्सचा फुलांचा कुत्रा. फोटो इथे काढून घ्यावेत आणि मग पुढे निघावं, कारण खरी गोष्ट पुढे आहे. आज जिथे सायकलवाले आणि बाबागाड्या दिसतात तिथे एकेकाळी धक्के, भट्ट्या आणि एउस्कालदुना नावाचा जहाज बांधायचा कारखाना होता. आसपासच्या डोंगरांतलं लोहखनिज ब्रिटनला जायचं, परतीच्या बोटींतून कोळसा यायचा, आणि त्याच बोटींवरचे खलाशी-कामगार काठावरच्या मोकळ्या जागांत चेंडू लाथाडायचे. तिकडे इंग्लंडात शिकून आलेली श्रीमंत घरची पोरंही हा नाद घेऊन परतली. दोन्ही प्रवाह मिळून १८९८ च्या सुमारास क्लब उभा राहिला. म्हणूनच त्याचं नाव स्पॅनिश नाही, इंग्रजी आहे. फ्रँकोच्या राजवटीत १९४१ मध्ये ते सक्तीने स्पॅनिश करण्यात आलं आणि १९७२ मध्ये परत मिळालं.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कथा तर आणखी गमतीची. क्लबचा एक माणूस १९०९ मध्ये इंग्लंडहून निळ्या-पांढऱ्या सदऱ्यांचा गठ्ठा आणायला निघाला होता. हवे तेवढे सदरे मिळेनात, बोटीची वेळ होत आली. शेवटी साउदॅम्प्टन बंदरावर तिथल्या संघाचे लाल-पांढरे सदरे घेऊन तो बोटीत चढला. बिल्बाओच्या झेंड्याचे रंग नेमके तेच, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. बिल्बाओच्या विद्यार्थ्यांनी माद्रिदमध्ये क्लबची एक शाखा काढली होती, तिलाही त्यातलेच सदरे गेले. ती शाखा म्हणजे आजचा अ‍ॅटलेटिको माद्रिद.

ऐंशीच्या दशकात कारखाने एकेक करत बंद पडले. एउस्कालदुनाच्या गोदीत कामगार आणि पोलिसांच्या तुंबळ चकमकी झाल्या. १९८३ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. याच सुमारास सलग दोन मोसमांत, १९८३ आणि १९८४ मध्ये, अ‍ॅथलेटिक लीगचा विजेता ठरला. विजेत्यांना बसच्या टपावरून मिरवायचं सोडून लोकांनी त्यांना एका मालवाहू पडावावर चढवलं आणि नदीतून शहरभर फिरवलं. तिथे त्याला गाबार्रा म्हणतात. त्यानंतर तो चाळीस वर्षं पाण्यात उतरला नाही. ६ एप्रिल २०२४ ला सेव्हिलमध्ये मायोर्काला पेनल्टींवर हरवून राजचषक जिंकल्यावर तो पुन्हा निघाला, तेव्हा दोन्ही काठांवर लाखो माणसं उभी होती. गोदीतली कारोला नावाची लाल क्रेन अजून नदीकाठी उभी आहे. तिच्यापाशी थांबून गटाला ही हकिगत सांगितली, की मग संध्याकाळचा सामना निव्वळ खेळ राहत नाही.

सामन्याच्या दिवशी दुपारनंतर पोसा गल्लीत जावं. लिसेन्सियादो पोसा हे तिचं पूर्ण नाव, पण तसं कोणी म्हणत नाही. सरळ मैदानाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाराला दार लागून बार आहेत. आत जेमतेम दहा-बारा जण मावतात, म्हणून अख्खी गर्दी पेले हातात घेऊन रस्त्यावरच उभी. टेबलं नाहीत. खिडक्यांच्या कट्ट्यांवर, उभ्या पिंपांवर, मोटारींच्या टपांवर पेले टेकवलेले. लाल-पांढरा गळपट्टा गुंडाळलेल्या सत्तरीच्या आजी, त्यांच्या शेजारी हुबेहूब तसाच गळपट्टा घातलेला नातू. आपल्या कोकणातल्या माणसाला ओळखीची वाटेल अशी बारीक रिपरिप चालू असते. तिथे तिला सिरिमिरी म्हणतात आणि तिच्यासाठी कोणी छत्री उघडत नाही. कुणीतरी मोठ्याने ‘अ‍ॅथलेटिक’ म्हणतं, गल्ली ‘एउप’ म्हणून जबाब देते. गल्लीच्या टोकाला मैदानाची भिंत लाल उजळलेली दिसते. सामना सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटं उरली की गर्दी कोणी शिट्टी मारल्यासारखी एकदम सरकू लागते.

जुनं सान मामेस १९१३ चं. शंभर वर्षं पुरी झाल्यावर ते पाडून शेजारी त्रेपन्न हजार आसनांचं नवं बांधलं. लोक त्याला ‘कॅथेड्रल’ म्हणतात. सान मामेस म्हणजे संत मामेस. त्याला सिंहांपुढे टाकलं तर सिंहांनी खाल्लं नाही, अशी आख्यायिका आहे. म्हणून अ‍ॅथलेटिकचे खेळाडू ‘सिंह’. आत पिचिचीचा अर्धपुतळा आहे. स्पेनमध्ये मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला ज्याच्या नावाचा किताब मिळतो तोच हा, राफाएल मोरेनो. जुन्या मैदानावरचा पहिला गोल त्याचा. १९२२ मध्ये ऐन तिशीच्या उंबरठ्यावर तो वारला. या मैदानावर पहिल्यांदाच खेळायला येणाऱ्या संघाचा कप्तान त्याच्यापुढे पुष्पगुच्छ ठेवतो.

स्पेनमध्ये प्रेक्षकांना मैदानात दारू विकायला कायद्याने बंदी आहे. रस्त्यावरचा जल्लोष आत शिरताना बराच निवळतो, तो त्यामुळेही. आत लोक सूर्यफुलाच्या बिया दाताखाली फोडत बसतात. मध्यंतराची शिट्टी झाली की आजूबाजूला चांदीच्या कागदाची एकच खसखस ऐकू येते. घरून आणलेले लांबट पाव उलगडले जातात. आत अंड्या-बटाट्याचं ऑमलेट, हॅम किंवा ट्यूना. म्हणजे डबा नेण्यात संकोच करायचं कारण नाही, तुमच्या चांदीच्या कागदात मेथीचे ठेपले असले तरी कोणी वळून बघणार नाही.

आता गटाविषयी. चाळीस जणांचा जथा पुढे छत्री धरलेल्या टूर लीडरमागून अशा गल्लीत शिरला तर ना जथ्याला काही मिळेल, ना गल्लीला. पण बास्क माणूस मुळात गटातलाच प्राणी आहे. शाळेपासून जमलेलं चार-सहा ते दहा-बारा जणांचं टोळकं, ज्याला तिथे कुआद्रिया म्हणतात, म्हातारपणापर्यंत टिकतं. हे टोळकं संध्याकाळी एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये फिरतं, प्रत्येक ठिकाणी एक छोटा पेला आणि एखादा घास, की पुढे. पैसे सगळ्यांनी आधीच कॉन्ट्री काढून एकाकडे दिलेले असतात, दर ठिकाणी तोच चुकते करतो. मग तसंच करावं. सोळा जणांचा गट असेल तर चार-चार जणांची चार टोळकी पाडावी, प्रत्येकाचा एक खजिनदार नेमावा आणि मैदानाच्या कोणत्या दाराशी किती वाजता जमायचं तेवढं ठरवून सोडून द्यावं. डोकी मोजायची ती दाराशी. तिकिटंही बहुधा सलग सोळा मिळत नाहीत, दोन-दोन चार-चार अशीच विखुरलेली मिळतात. शेजारच्या अनोळखी सभासदाशी बोलणं होतं ते त्यामुळेच.

गटात फुटबॉलचा गंध नसलेले दोघे-तिघे असतातच. त्यांना सामन्याच्या वेळी दुकानांत सोडून देण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. ऑफसाइड कळत नसलं तरी त्रेपन्न हजार माणसांचं एकदम उठणं कळतं. मुख्य संघाची तिकिटं नाहीच मिळाली, तर महिला संघाचा सामना बघावा. त्यांचे बरेचसे घरचे सामने लेसामाच्या सराव-संकुलात होतात. हिरव्या दरीत वसलेलं हे संकुल बिल्बाओपासून लोकलच्या अंतरावर आहे आणि जुन्या सान मामेसची प्रसिद्ध लोखंडी कमान आता तिथे उभी आहे. महिलांच्या खेळाला इथे प्रेक्षक नाहीत असंही नाही. जानेवारी २०१९ मध्ये सान मामेसवर झालेल्या महिलांच्या चषक सामन्याला ४८,१२१ लोक आले होते.

खाण्याचा प्रश्न मराठी गटात सामन्याच्या आधी येतो, हे मान्य करून टाकू. पिंचो म्हणजे पावाच्या तुकड्यावर काडीने टोचलेला किंवा छोट्या बशीत दिलेला एक-दोन घासांचा ऐवज. बारच्या कट्ट्यावर ते मांडलेले असतात. उभ्याने खायचं, किती झाले ते शेवटी सांगायचं. ऑलिव्ह, तिखटसर लोणच्याची मिरची आणि अँचोव्ही मासा एका काडीवर टोचलेली ‘गिल्दा’ ही यातली जुनी मानकरी. रिटा हेवर्थच्या १९४६ च्या चित्रपटावरून तिचं हे नाव पडलं. मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ आहे. शाकाहाऱ्यांचे हाल होतील असं वाटतं, तेवढे होत नाहीत. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया, नाहीतर गेर्निकाच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या, तव्यावर परतलेल्या अळंब्या, इदियासाबाल गावचं मेंढीच्या दुधाचं चीज. एकच पथ्य पाळावं. नुसतं ‘मांस नको’ म्हणू नये, कारण मग सॅलडमध्ये ट्यूना येतो, त्याला ते मांस धरत नाहीत. मांस नको, हॅम नको, मासा नको, असं तिन्ही वेगवेगळं सांगावं. दारू न घेणाऱ्यांनी मोस्तो मागावा. हा द्राक्षाचा रस वाइनच्याच पेल्यात मिळतो, आणि तो घेणारे तिथलेही पुष्कळ असतात.

सान सेबास्तियान, बास्क नाव दोनोस्तिया, बिल्बाओहून शंभर किलोमीटर. बिल्बाओ कारखान्यांचं शहर, तर हे राजेरजवाड्यांच्या उन्हाळी मुक्कामाचं. कोंचा नावाच्या शिंपलीसारख्या आखाताभोवती ते पसरलं आहे. आखाताच्या पश्चिम टोकाला खडकांत रोवलेले गंजक्या पोलादाचे तीन प्रचंड पंजे आहेत, ‘वाऱ्याचा कंगवा’. भरतीच्या वेळी लाटा त्यांच्यातून फुटतात. हे शिल्प घडवणारा एदुआर्दो चियीदा तरुणपणी रेआल सोसिएदादचा गोलरक्षक होता. गुडघा दुखावला आणि खेळ सुटला, मग तो शिल्पकलेकडे वळला. कलासंग्रहालयांना कंटाळणारे गटातले फुटबॉलवेडे या शिल्पापाशी बराच वेळ रेंगाळतात, असा माझा अंदाज आहे.

रेआल सोसिएदादनेही एकेकाळी फक्त बास्क खेळाडूंचा नेम पाळला आणि १९८१ आणि १९८२ अशी दोन वर्षं लीग जिंकली. पुढची दोन वर्षं अ‍ॅथलेटिकची, म्हणजे सलग चार वर्षं विजेतेपद या शंभर किलोमीटरांच्या पट्ट्यातच राहिलं. १९८९ मध्ये लिव्हरपूलहून जॉन अल्ड्रिजला आणून सोसिएदादने तो नेम मोडला. त्यांच्या जुन्या आतोचा मैदानाची एक प्रथा मला फार आवडते. आपला गोल झाला की दोन बाण उडवायचे, समोरच्यांचा झाला की एक. समुद्रावर गेलेल्या कोळ्यांना आवाजावरून गुणफलक कळावा म्हणून.

या दोन क्लबांच्या लढतीत पाहुण्यांचे पाठीराखे पोलिसांच्या कड्यातून आणले जात नाहीत. निळे-पांढरे आणि लाल-पांढरे सदरे एकाच बारमध्ये, कधी एकाच घरातले. त्याला इतिहास आहे. ५ डिसेंबर १९७६. फ्रँकोला जाऊन वर्षच झालं होतं. बास्कांचा झेंडा, इकुर्रिन्या, अजून बेकायदाच होता. सोसिएदादच्या एका खेळाडूच्या बहिणीने तो घरी शिवला आणि गुपचूप आतोचा मैदानात पोचवला. सामन्याआधी सोसिएदादचा कप्तान कोर्ताबारिया आणि अ‍ॅथलेटिकचा कप्तान, गोलरक्षक इरिबार, तो दोन बाजूंनी धरून मैदानात आले. पकडलं असतं तर तुरुंग होता. त्या दिवशी सोसिएदादने ५-० असा धुव्वा उडवला, तरी आज तिथे कोणाला विचाराल तर गोल नाही, झेंडाच आठवतो. पुढच्याच महिन्यात झेंड्यावरची बंदी उठली.

बिल्बाओहून रेल्वेने तासाभरात गेर्निकाला जाता येतं. २६ एप्रिल १९३७ ला, बाजाराच्या दिवशी, हिटलरच्या विमानांनी हे गाव भाजून काढलं. त्याच एप्रिलमध्ये बास्क खेळाडूंचा एक संघ युरोपच्या दौऱ्यावर निघाला होता, युद्धग्रस्तांसाठी पैसे उभे करायला. तो पुढे मेक्सिकोला पोचला आणि १९३८-३९ च्या मोसमात चक्क तिथल्या लीगमध्ये खेळून दुसरा आला. दुखरा इतिहास अलीकडचाही आहे. ईटीए या बास्क फुटीरतावादी सशस्त्र संघटनेने २०११ मध्ये हिंसा थांबवली आणि २०१८ मध्ये ती विसर्जित झाली, पण त्या वर्षांच्या जखमा दोन्ही बाजूंच्या घरांत आहेत. पेला हातात असलेल्या अनोळखी माणसाला ‘तुम्ही स्पॅनिश की बास्क’ असं हसत विचारू नये. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल.

मोसम निवडायचा तर मी जानेवारीअखेर ते एप्रिल म्हणेन. थंडी-पाऊस असतो, पण लीग रंगात आलेली असते आणि सान सेबास्तियानजवळच्या आस्तिगार्रागा, एर्नानी या गावांत सफरचंदाच्या सायडरची कोठारंही तेव्हाच उघडतात. लांबच लांब बाकांवर सगळे एकत्र जेवतात. ‘चोच’ अशी आरोळी आली की पेले घेऊन उठायचं, भल्यामोठ्या पिंपाच्या भोकातून उडणारी बारीक धार रांगेने पेल्यात झेलायची आणि दोन घोट घेऊन परत जेवायला बसायचं. जेवण ठरलेलं असतं : कॉड माशाचं ऑमलेट, मिरच्यांसोबत कॉड, मग गोमांसाचा जाड तुकडा, शेवटी चीज आणि अक्रोड. गोमांस न खाणाऱ्यांनी आरक्षण करतानाच सांगावं.

बिल्बाओ आणि सान सेबास्तियानच्या वाटेत एइबार लागतं. जेमतेम सत्तावीस हजार वस्तीचं, एके काळी बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणारं गाव. दरी इतकी अरुंद, की काही चढावांवर रस्त्यातच सरकते जिने बसवले आहेत. इपुरुआ मैदानाला लागून असलेल्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून लोक फुकट सामना बघतात. २०१४ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत चढला, तर नियमाप्रमाणे भांडवल अपुरं निघालं. सुमारे १७ लाख युरो उभे करायला त्यांनी जगभर समभाग विकायला काढले आणि एका धनाढ्याने क्लब गिळू नये म्हणून माणशी एक लाख युरोची मर्यादा घातली. पैसे उभे राहिले. दुसऱ्या श्रेणीचा सामना बघायची गटाची तयारी असेल, तर तिकीट मिळायला याहून सोपं मैदान नाही.

तिकिटांबद्दल माझं मत सरळ आहे. बार्सिलोना किंवा रेआल माद्रिद येणार त्या दिवसाच्या मागे लागू नये, आणि बास्क लढतीच्याही नाही. सभासदांनीच मैदान भरलेलं असतं, उरलेल्या तिकिटांचे भाव चढतात आणि इंटरनेटवरच्या दलालांकडून घेतलेलं तिकीट दारात चालेलच असं नाही. हेताफे, मायोर्का असा एखादा मधल्या फळीतला पाहुणा असलेला सामना निवडावा आणि तिकीट क्लबकडूनच घ्यावं. परतीचं विमान मंगळवारच्या आधीचं घेऊ नये, म्हणजे सामना सोमवारी रात्री गेला तरी चुकत नाही. रात्री नऊचा सामना संपायला अकरा वाजतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळीच ठेवावी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आणि मुंबईहून बिल्बाओला थेट विमान नाही, फ्रँकफुर्ट, पॅरिस किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं.

गोव्याच्या मंडळींना या मुलखाचं आणखी एक अगत्य असायला हरकत नाही. बिल्बाओमध्ये जन्मलेला आणि अ‍ॅथलेटिकच्या तालमीत घडलेला इगोर आंगुलो २०२०-२१ मध्ये एफसी गोवाकडून खेळला, १४ गोल करून इंडियन सुपर लीगचा सोनेरी बूट घेऊन गेला आणि पुढच्या मोसमात मुंबई सिटीकडे आला. त्याच्याही पावणेपाचशे वर्षं आधी, १५४२ मध्ये, नावार्रामधला एक बास्क माणूस गोव्यात उतरला होता. जुन्या गोव्यात बोम जेझूच्या चर्चमध्ये ज्यांचं शव आहे आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ज्यांच्या दर्शनाला रांगा लागल्या होत्या, ते संत फ्रान्सिस झेवियर. झेवियर हे त्यांच्या गावाचं आणि घराण्याच्या गढीचं नाव, स्पॅनिशमध्ये हावियेर. ही गढी पाम्पलोनाहून मोटारीने पाऊण तासावर आहे. मार्चच्या सुरुवातीला नावार्राभरातून हजारो लोक तिथे पायी जातात. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, रस्त्याकडेला पाणी आणि संत्री वाटणारे स्वयंसेवक. सकाळी गढी बघून दुपारी पाम्पलोनाला परतलं, की संध्याकाळी एल सादार मैदानावर ओसासुनाचा सामना गाठता येतो. हा क्लबही अ‍ॅथलेटिकसारखाच सभासदांच्या मालकीचा आहे. मैदान लहान, सज्जांचा उतार तीव्र, आवाज छताखाली कोंडून घुमतो. तिकिटं मात्र आधी घ्यावीत, कारण इथेही आसनं थोडी आणि सभासद फार.